चौथ्या गटातील स्त्रिया

रोगाला जात नसते आणि वर्गही नसतो, असे सुस्थितीतील माणसे सहज बोलून जातात. कर्करोगाविषयी तर हे विशेषच बोलले जाते, कारण तो मंत्र्यालाही होतो आणि मजुरालाही. परंतु ज्यांनी आयुष्यभर या रोगाची मोजदाद केली, त्यांच्या नोंदवह्या निराळीच साक्ष देतात. कोणाला कोणता कर्करोग होतो, तो कोणत्या अवस्थेत ध्यानात येतो आणि त्यातून कोण वाचते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माणसाचे उत्पन्न, त्याचे गाव आणि ती स्त्री आहे की पुरुष यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत या प्रश्नांचा शोध घेणारे एक मोठे काम झाले. त्या कामाने जगाला उत्तर दिले. ज्यांच्यापासून ते उत्तर मिळाले त्या स्त्रियांना मात्र त्याचा लाभ अजून मिळायचा आहे.

हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठीत अजून धड नाव नाही. साथरोगशास्त्रज्ञ म्हणावे, तर कर्करोगाची साथ येत नाही. हा डॉक्टर एका रोग्याच्या खाटेशी बसत नाही. तो हजारो माणसांच्या आयुष्याकडे एकदम पाहतो. कोण आजारी पडले यापेक्षा कोण पडले नाही, आणि का, हा त्याचा प्रश्न. शल्यविशारदाला वाचलेला रोगी दिसतो, त्याचे नातलग पाया पडायला येतात. रोग टळला म्हणून जी स्त्री वाचली तिला आपण वाचलो हे कळतही नाही. म्हणून प्रतिबंधाच्या कामाला सत्कार नाही, आणि राजकारणात ज्याला सत्कार नाही त्याला अंदाजपत्रकात तरतूदही नाही.

भारतात या शास्त्राचा पाया मुंबईत घातला गेला. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरातील रुग्णालये आणि मृत्यूच्या नोंदी यांतून प्रत्येक रोगी टिपायचा आणि लोकसंख्येशी ताळा घालायचा, अशी ही पद्धत. टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोग-संशोधक डॉ. कस्तुरी जयंत यांची कारकीर्द याच परंपरेतली. जस्सावाला, संघवी व बालकृष्णन यांच्यासह त्यांनी १९७७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांपैकी किती भाग तंबाखू ओढण्याच्या व चघळण्याच्या माथी येतो, याचा हिशेब त्यात मांडला होता. तो भाग फार मोठा होता. याचाच अर्थ असा, की हे मरण दैवाने आलेले नव्हते आणि टाळता येण्याजोगे होते. विडी वळून पोट भरणाऱ्या आणि मिश्री लावून भूक मारणाऱ्या स्त्रियांच्या नगर-संगमनेर भागात या निष्कर्षाचे मोल काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु मुंबईची नोंदणी मुंबईचीच. खेड्यातील माणूस रुग्णालयात पोचलाच नाही, तर त्याची नोंद कोठे व्हायची? तो अंगावर काढतो आणि घरीच मरतो. ग्रामसेवकाच्या वहीत मरणाचे कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ लिहिला जातो. त्यामुळे ग्रामीण भारतात कर्करोग जवळजवळ नाहीच, असा सोयीस्कर समज पसरला होता.

हा समज तपासण्याचे काम बार्शीत सुरू झाले. तेथे डॉ. भगवान नेने यांनी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे केले होते. १९८७ साली टाटा स्मारक केंद्र आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या साहाय्याने त्या ठिकाणी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की हाच भूम तालुका लागतो. तीच कोरडवाहू जमीन, तीच ज्वारी, तोच दुष्काळ, तेच स्थलांतर. भूमच्या स्त्रीविषयी जे सिद्ध झाले ते जामखेडच्या स्त्रीला लागू नाही, असे म्हणायला कोणतेही कारण नाही.

मुंबईची पद्धत येथे चालणार नव्हती, म्हणून कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उलटी केली. रोगी नोंदणीकडे येण्याची वाट न पाहता नोंदणी गावात गेली. क्षेत्र-कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात, सरपंच, शिक्षक, दाई, गावातला डॉक्टर यांच्याशी बोलत, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि लक्षणे असलेल्यांना बार्शीला तपासणीसाठी पाठवीत. मोजणी आणि लोकशिक्षण ही दोन कामे एकत्र आली. या नोंदणीतून दोन गोष्टी उघड झाल्या. एक, खेड्यातील कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास होते. पण तो तेथे होता. दुसरी अधिक महत्त्वाची. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता, आणि तो घेऊन येणाऱ्या बहुतेक स्त्रिया उपचाराची वेळ उलटून गेल्यावर येत.

लोकशिक्षणाचा परिणाम काय झाला, हेही त्यांनी मोजले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की गावोगाव नुसती माहिती पोचल्यानेदेखील लवकरच्या अवस्थेत दवाखाना गाठणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढते. अडाणी बाईला सांगून काय कळणार, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. बाईला कळत होते. तिला सांगितले कोणी नव्हते.

मग पुढचा प्रश्न आला. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून कर्करोगापर्यंत दहा-वीस वर्षे जातात. या काळात पेशींतील बिघाड सापडला तर तो लहानशा उपचाराने, गर्भाशयाला धक्का न लावता, नाहीसा करता येतो. म्हणजे हा टाळता येणारा कर्करोग आहे. श्रीमंत देशांनी पॅप तपासणीने तो आटोक्यात आणला. पण त्या तपासणीला प्रशिक्षित तंत्रज्ञ, सूक्ष्मदर्शक, वारंवार बोलावणे हा सारा सरंजाम लागतो. गरीब देशातील खेड्यात कोणती तपासणी चालेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते शोधण्यासाठी १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, कस्तुरी जयंत आणि इतर त्यात होते. पैसा अमेरिकेच्या गेट्स प्रतिष्ठानचा होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. त्यांच्या गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची चार गटांत वाटणी केली. पहिल्या गटाची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथा गट तुलनेसाठी होता. त्याच्या वाट्याला नेहमीची व्यवस्था आली, आणि नेहमीची व्यवस्था म्हणजे खेड्यात कोणतीही तपासणी नसणे.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. पुढच्या अवस्थेला गेलेले कर्करोग पहिल्या गटात ३९ आणि चौथ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी, एकाच फेरीत, मृत्यूंत तसा निश्चित फरक पडला नाही. दारिद्र्यात राहणाऱ्या स्त्रीलाही एकदोनदाच्या तपासणीने वाचवता येते, याचा एवढा भक्कम पुरावा तोवर कोठेच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे एचपीव्ही चाचणीला जे अग्रस्थान दिले, त्याच्या आधारात उस्मानाबादच्या या स्त्रिया आहेत.

या प्रयोगावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. एरिक सूबा या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने २०१४ साली भारतीय वैद्यक-नीतिविषयक नियतकालिकात लिहिले, की मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतील दिंडिगल या तिन्ही प्रयोगांतील तपासणीविना ठेवलेल्या १,३८,६२४ स्त्रियांपैकी २५४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावल्या. तपासणी उपयोगी असते हे जगाला ठाऊक असताना गरीब स्त्रियांचा एक गट तिच्यावाचून ठेवणे नीतीला धरून आहे काय? अमेरिकेतील स्त्रियांवर असा प्रयोग करायला कोणी धजावले असते काय? संशोधकांचे उत्तर असे, की भारतात तपासणीची कोणतीही व्यवस्था नव्हती. त्यांनी कोणाचेही काही काढून घेतले नाही. आणि कोणती पद्धत खेड्यात खरोखर जीव वाचवते हे तुलनेवाचून कळले नसते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गरिबाचे दारिद्र्य हीच प्रयोगाची सोय व्हावी, ही गोष्ट कोणाही समतावाद्याला बोचलीच पाहिजे. ‘व्यवस्था नव्हती’ हे उत्तर शास्त्रज्ञाच्या तोंडी खरे असले, तरी राज्याच्या तोंडी तो कबुलीजबाब ठरतो. पण रोष संशोधकांवर काढून थांबणे हे सोपे आणि चुकीचे आहे. त्यांनी बावन्न समूहांतील एका भागाला चौथ्या गटात ठेवले. राज्याने त्याआधीच ग्रामीण भारतातील जवळजवळ सर्व स्त्रियांना त्या गटात टाकले होते, आणि तेही चिठ्ठ्या न टाकता, संमती न विचारता, मृत्यूंची नोंद न ठेवता. चौथ्या गटातील ६४ मृत्यूंचा निदान हिशेब तरी आहे. बाकीच्यांचा तोही नाही.

म्हणूनच खरी नैतिक कसोटी २००९ नंतर सुरू होते. प्रयोगाआधी अज्ञानाची सबब होती. निष्कर्ष आल्यावर ती संपली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे ध्येय ठरवले, त्यात ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षी, निदान सत्तर टक्के स्त्रियांची उत्तम प्रतीची चाचणी २०३० पर्यंत व्हावी असे म्हटले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली कर्करोग तपासणीचा आराखडा काढला. त्यात गर्भाशयमुखासाठी आम्ल लावून पाहण्याची, म्हणजे उस्मानाबादेत एका फेरीत अपुरी ठरलेली पद्धत स्वीकारली. तीही अमलात किती आली? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांहून कमी निघाल्या. प्रयोग संपून दहा वर्षे उलटल्यावर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव चौथ्या गटातच होत्या.

तपासणी नसली की तिची जागा रिकामी राहत नाही. ती जागा भीती घेते, आणि भीतीचा बाजार भरतो. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. अनेकींनी सांगितले, की अंगावरून पांढरे जाते किंवा पोटात दुखते म्हणून खाजगी दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असे त्यांना ऐकवले गेले. त्यामागे मुकादमाची उचल होती, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर बसणारा दंड होता, फडात आडोसा नव्हता आणि पाणीही नव्हते. नगर जिल्ह्याला हे दूरचे नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दुष्काळी भागांतून कोयते बाहेर पडतात, आणि याच जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरेच्या पाण्यावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. ज्या कर्करोगाची खात्री एका चाचणीने करता आली असती, त्याच्या नुसत्या नावाने तिशीतल्या स्त्रियांचे अवयव काढले गेले आणि त्यासाठी त्या कर्जबाजारी झाल्या. प्रतिबंधाचे शास्त्र गावात पोचले नाही म्हणजे काय होते, याचे याहून कडवट उदाहरण सापडणार नाही.

हे शास्त्र गावात पोचवणार कोण, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. डॉक्टर खेड्यात जात नाहीत, नर्सेस कमी आहेत, बायका लाजतात. या प्रश्नाचे उत्तर नगर जिल्ह्यानेच पन्नास वर्षांपूर्वी दिले आहे. राहुरीत जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावागावांतून निवडलेल्या आरोग्यसेविकांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्याच स्त्रियांनी बाळंतपणे केली, बालमृत्यू कमी केले, कुष्ठरोग्यांना गावात पुन्हा जागा मिळवून दिली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना देशभर आली, तिच्यामागे असल्याच प्रयोगांचा अनुभव होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनीही हेच दाखवले. दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांत आम्लाची तपासणी नीट केली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आता तर एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच, घरच्या घरी घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आहे. लाजेची सबब त्यामुळे उरली नाही.

म्हणजे काय करावे हे बार्शीने सांगितले, आणि कोणाच्या हातून करावे हे जामखेडने. या दोन गावांत शंभर किलोमीटरचेही अंतर नाही. हे दोन धागे जोडण्याचे काम शास्त्रज्ञाचे नव्हते. ते राज्यकर्त्यांचे होते, आणि ते झाले नाही.

पैसा नाही, हे उत्तर खरे मानता येत नाही. महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला आणि किरणोपचाराला पैसा मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु त्यातला मोठा भाग खाजगी रुग्णालयांकडे जातो, आणि बाई रोगाने पुरती घेरली गेल्यावरच तो सुटतो. उपचारात विकण्यासारखे पुष्कळ असते. टळलेल्या रोगाचे बिल कोणाला लावता येत नाही. एचपीव्हीची लस आज पुण्यातच तयार होते. तिला २०२२ साली परवानगी मिळाली. लस मुलींसाठी आवश्यक आहे, पण ज्या स्त्रिया आज पस्तिशी-चाळिशीत आहेत त्यांना तिचा उपयोग फारसा नाही. त्यांना चाचणीच हवी. लेकीला लस दिली म्हणून आईचा हक्क बुडवता येणार नाही.

यातून कार्यकर्त्यांसमोर काही ठोस मागण्या उभ्या राहतात. पस्तिशीच्या आणि पंचेचाळिशीच्या प्रत्येक स्त्रीची एचपीव्ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत मोफत व्हावी. दोष आढळल्यास त्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात उपचार मिळावा, कारण उपचाराची सोय नसलेली तपासणी ही फसवणूक आहे. ऊसतोडीच्या गावांत ही तपासणी कोयते परत आल्यावर, पावसाळ्याच्या सुमारास ठेवावी. दिवाळीनंतर ओस पडलेल्या वस्तीवर शिबिर भरवून कागद रंगवू नयेत. आशा कार्यकर्तीला या कामाचे वेतन मिळावे. तिला स्वयंसेविका म्हणायचे आणि राज्याची सर्व कामे तिच्याकडून करून घ्यायची, ही वेठबिगारी आहे. आणि जिल्ह्यात किती स्त्रियांची तपासणी झाली, किती दगावल्या, याचा आकडा दरवर्षी जिल्हा परिषदेच्या सभेत वाचला जावा. कस्तुरी जयंत यांच्यासारख्यांच्या कारकिर्दीचा धडा हाच आहे, की ज्याची मोजदाद होत नाही त्याचा जाब विचारता येत नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आजवर रेशनच्या रांगेत, रोजगार हमीच्या कामावर, विडी कारखान्यांच्या दारात स्त्रियांच्या बाजूने उभे राहण्याचे काम केले आहे. आरोग्य हा डॉक्टरांचा प्रांत म्हणून तो बाजूला राहिला. चिठ्ठी टाकून कोणी कोणाला चौथ्या गटात ठेवलेले नाही, म्हणून चिठ्ठी बदलण्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही. पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारून सुरुवात करता येईल. या गावात पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रिया किती, आणि त्यांपैकी तपासणी झालेल्या किती? बहुतेक ठिकाणी पहिला आकडा सांगता येईल आणि दुसऱ्यावर सभा गप्प होईल. ती शांतता सभेच्या वहीत लिहून घ्यावी आणि तालुक्याला पाठवावी. बार्शीचे कामही असेच, एकेका गावाच्या वहीपासून सुरू झाले होते.